दोन बोटांवर उभे राहणारे भिक्षू आणि चौदा वर्षांचा मुलगा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाने शाओलिन मठातील भिक्षू दोन बोटांवर उलटे उभे राहतात असा व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून तो घरी बोटांच्या टोकांवर जोर मारतो, मुगाने भरलेल्या डब्यात बोटे खुपसतो, आणि आता त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा मधला सांधा दुखू लागला आहे. हे प्रयोग खरे असतात का आणि मुलाला हा सराव पुढे करू द्यावा का, असे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी हाताच्या दुखापतींवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारे, मल्लखांबपटू आणि कराटे-कुंग फूच्या वर्गांत जाणारी मुले बरीच असतात, त्यामुळे आपल्या प्रश्नासारखे प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतात. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचे उत्तर सवडीने वाचले तरी चालेल: सांधा दुखतो आहे तोवर त्या हातावर भार देणारा बोटांचा प्रत्येक व्यायाम आजपासून बंद करावा. कारण पुढे येईलच.

माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक तिसराच प्रश्न आहे. शरीराचे वजन बोटावर येते तेव्हा ते नेमके कशावर पडते, आणि तो भाग सरावाने बदलायला किती काळ लागतो? याचे उत्तर मिळाले की कोणता प्रयोग शक्य आहे, कोणता डोळ्यांना फसवतो आणि चौदाव्या वर्षी काय टाळावे, हे बऱ्याच अंशी आपोआप स्पष्ट होते. पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य केले पाहिजे. मुलाची उंची अजून वाढते आहे का, दुखणे सांध्याच्या वरच्या बाजूला आहे की तळव्याकडच्या, आणि त्याला कोणी शिकवते की तो फक्त फोनवर पाहून करतो, यावर सल्ला बदलू शकतो. मुलाला न तपासता जेवढे सांगता येते तेवढेच मी इथे सांगणार आहे.

आधी शाओलिनविषयी. हा मठ चीनच्या हनान प्रांतात सोंग पर्वताच्या कुशीत आहे आणि त्याची स्थापना इसवी सन ४९५ मधली मानली जाते. आपल्याकडे बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून जाऊन तिथे युद्धकला शिकवली असे छातीठोकपणे सांगितले जाते. परंतु व्यायामाचा संबंध बोधिधर्माशी जोडणारा जो ग्रंथ पुढे केला जातो, तो अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. भिक्षूंनी शस्त्र हाती घेतल्याची नोंद मात्र जुनी आहे. ६२१ साली त्यांनी ली शिमिन या राजपुत्राला, म्हणजे थांग घराण्याच्या पुढच्या सम्राटाला, युद्धात मदत केली आणि त्याचा शिलालेख मठात आहे. मिंग घराण्याच्या काळात, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकात, शाओलिनचे नाव होते ते काठीच्या लढाईसाठी. नुसत्या हाताच्या कला मागाहून प्रतिष्ठेला आल्या. तेव्हा बोटांचे प्रयोग ही दीड हजार वर्षांची अखंड परंपरा आहे असे मुलाला कोणी सांगितले असेल, तर ते तसे नाही. १९८२ साली मठावरचा चित्रपट गाजल्यानंतर तिथे विद्यार्थ्यांचा आणि पर्यटकांचा ओघ सुरू झाला. आज मठाजवळच्या तंगफंग शहरात युद्धकलेच्या मोठमोठ्या निवासी शाळा आहेत, आणि रंगमंचावर भगव्या-करड्या वस्त्रांत प्रयोग करणारे अनेक जण दीक्षा घेतलेले भिक्षू नसून तिथे तयार झालेले कसरतपटू असतात. त्यांची मेहनत खरी असते, पण ती ध्यानधारणेतून आपोआप आलेली नसते.

आता प्रयोग खरे की खोटे, याकडे वळतो. दोन बोटांवर उभे राहण्याचा प्रयोग ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते हाय डंग हे सिचुआन प्रांतातले भिक्षू. त्यांचा जन्म १९०२ चा आणि मृत्यू १९८९ चा. त्यांच्या उतारवयात चित्रित झालेल्या प्रयोगात ते एका हाताच्या दोन बोटांवर उलटे उभे दिसतात, पाय भिंतीला टेकलेले. त्यांच्या मृत्यूनंतर या प्रयोगात छुपा आधार होता का यावरून चीनमध्ये मोठा वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. मी त्या वादात निवाडा देऊ इच्छित नाही, पण पाय भिंतीला टेकलेले असणे ही बारीक गोष्ट नाही, एवढे सांगतो. भिंत वजन फारसे उचलत नाही हे खरे, मात्र ती तोल सांभाळते, आणि बोटावर उभे राहण्यातला अर्धा धोका तोल सावरताना बोटाला बसणाऱ्या झटक्यांतच असतो. भिंतीशिवाय मोकळ्या जागी दोन बोटांवर स्थिर उभे राहणे ही सर्वस्वी निराळ्या पातळीची गोष्ट आहे.

जोरांचे प्रयोग याहून कमी गूढ आहेत आणि उघड्यावर, पुष्कळ साक्षीदारांसमोर झालेले आहेत. ब्रूस लीने १९६४ साली अमेरिकेतल्या लाँग बीच इथल्या कराटे स्पर्धेत एका हाताचा अंगठा आणि तर्जनी यांवर जोर मारून दाखवले होते. २०११ साली बीजिंगमध्ये श्ये क्वेइचोंग यांनी एका बोटावर ३० सेकंदांत ४१ जोर मारल्याची नोंद गिनेस बुकात आहे. अशा प्रयोगांत शंकेला जागा कमी असते. व्हिडिओ पाहताना मी तीन ठिकाणी नजर ठेवतो. उरलेली बोटे खरोखर जमिनीपासून सुटलेली आहेत का, पाय किंवा खांदा कुठे टेकला आहे का, आणि शरीर वर जाण्याच्या क्षणी दृश्य कापले आहे का. सैल बाह्यांचा अंगरखा मनगट झाकत असेल तर मी त्या व्हिडिओवरून काहीच निष्कर्ष काढत नाही.

आता मुख्य भागाकडे येतो. ऐकून नवल वाटेल, पण बोटांना हलवणारे जोरकस स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली, पुढच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांनी, बोटांना ओढतात. त्यामुळे 'बोट बलवान झाले' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: पुढच्या हातातला स्नायू, त्याची कंडरा व ती हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्या, आणि खुद्द हाड व सांधा. या तिघांचा वेग सारखा नाही. स्नायू काही आठवड्यांत दाद देतो. कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध यांना महिने लागतात, आणि हाडाचा जाडपणा वर्षांच्या हिशेबात बदलतो. स्नायूची ताकद पुढे पळते आणि बाकीचे मागे राहतात, आणि बोटांच्या बहुतेक दुखापती याच अंतरात होतात.

यात हाड फार कमजोर असते असे मात्र समजू नये. माणसाचे घट्ट हाड सरळ दाबाखाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोच्या आसपास भार सोसू शकते. ६० किलोचा माणूस दोन बोटांवर उभा राहिला तर प्रत्येक बोटावर ३० किलो येतात, आणि बोट अगदी सरळ, भाराच्या रेषेत असेल तर हाडाच्या दृष्टीने हा आकडा मोठा नाही. सगळी गडबड वाकण्यात आहे. बांबू उभा ठेवून वरून दाबला तर तो बरेच वजन घेतो, जरा कलला की कडकन मोडतो, तसेच काहीसे इथे होते. बोटाचा मधला सांधा भाराच्या रेषेपासून अर्धा सेंटिमीटर बाहेर गेला, तर त्याला सावरायला कंडरेला साधारण १५ किलोचा ताण द्यावा लागतो, कारण त्या सांध्यापाशी कंडरेचे हाडाच्या मध्यापासूनचे अंतर जेमतेम एक सेंटिमीटर असते. सांधा दोन सेंटिमीटर बाहेर गेला की तोच ताण ६० किलोंवर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन बोटांत फारसा फरक दिसत नाही. कुशल भिक्षू करतो ते बऱ्याच अंशी हेच आहे: त्याने बोट रेषेत ठेवायला शिकलेले असते, आणि त्या रेषेपासून केसभर हलले तरी त्याचा पुढचा हात, खांदा आणि पोट लगेच दुरुस्ती करतात. 'ची' नावाची ऊर्जा बोटात साठवली जाते ही त्यांची परंपरेतली भाषा आहे. ती भाषा वापरणाऱ्याला एकाग्र राहायला मदत करत असेल तर माझी तक्रार नाही, पण प्रयोगाचे स्पष्टीकरण देताना मला तिची गरज पडत नाही.

प्रस्तरारोहकाच्या बोटाशी याची तुलना नेहमी केली जाते, म्हणून एक फरक नोंदवतो. कड्याला लटकलेल्या माणसाचे बोट ओढले जाते, तर उलट्या उभ्या माणसाचे बोट दाबले जाते. ओढणीत कंडरा आणि तिच्या कड्या आधी दगा देतात, विशेषतः अनामिकेच्या मुळाजवळची कडी, आणि ती तुटताना कधी कधी 'टक्' असा आवाजही ऐकू येतो. दाबात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, आणि हाडाची टोके आधी त्रास देतात, आणि ती बहुधा आवाज न करता, हळूहळू देतात. म्हणूनच अनेक वर्षे लटकणारा चांगला आरोहकही दोन बोटांवर जोर मारायला गेला तर नवशिक्याच असतो.

सरावाच्या जुन्या पद्धतींकडे याच नजरेने पाहिले तर त्या बऱ्याच समंजस वाटतात. रुंद तोंडाचे मातीचे रांजण बोटांनी काठाला धरून उचलायचे आणि त्यात दिवसागणिक थोडी वाळू वा पाणी वाढवत जायचे, ही पद्धत चीनमध्ये होती आणि तिथून जपानच्या ओकिनावा बेटांवरही गेली. भार अगदी मुठीमुठीने वाढवण्याची ही युक्ती आजच्या कोणत्याही व्यायामशाळेत शोभेल. 'लोहपंजा' शिकणारे कापडी पिशवीवर हात मारतात. ती आधी मुगाने भरायची, मग बारीक खडीने आणि सर्वांत शेवटी लोखंडी छऱ्यांनी. आपल्या मुलाने मूग कुठून घेतले ते यावरून कळेल. मात्र मूळ पद्धतीत पिशवीवर तळहात पडतो, आणि एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जायला बराच काळ घेतला जातो. सरळ बोटे दाण्यांत खुपसणे हा वेगळा आणि नखाच्या गादीला व बोटांच्या टोकांतल्या मज्जातंतूंना अधिक बाधणारा प्रकार आहे.

चीनमध्ये १९३४ साली छापलेल्या शाओलिनच्या ७२ कलांच्या एका प्रसिद्ध पुस्तकात एका बोटाच्या साधनेची कृती दिली आहे. येण्याजाण्याच्या वाटेवर एक जड वजन टांगून ठेवावे आणि जाता-येता ते बोटाने ढकलावे, इथपर्यंत ती अगदी व्यवहारी आहे. सरावाला वेगळी वेळ न काढता तो दिवसभरात थोडाथोडा वाटून घेण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते. त्याच कृतीत पुढे वजनाला स्पर्श न करता ते हलवावे आणि दुरून दिव्याची ज्योत विझवावी असेही येते. पहिला भाग एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वहीतला वाटतो आणि दुसरा कथाकाराच्या. दोन्ही एकाच पानावर असल्यामुळे मुले दोन्ही सारख्याच श्रद्धेने वाचतात, ही खरी अडचण आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती माझ्या धंद्याजवळची आहे. 'एका बोटाचा झेन' नावाची चीनमध्ये मालीशची एक पद्धत आहे, जिच्यात अंगठ्याने लयीत दाब दिला जातो. तिचे विद्यार्थी माणसाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी दीर्घकाळ तांदळाच्या पिशवीवर सराव करतात. तिथे बोटाच्या ताकदीचा कस चिकाटीने आणि सारखेपणाने दाब देत राहण्यात लागतो, आणि प्रेक्षक कोणी नसतो.

मठाच्या आवारातल्या जुन्या गिंको झाडांच्या खोडांवर बोटाएवढी भोके आहेत. ती भिक्षूंच्या सरावाने पडली असे तिथे दाखवले जाते. मुलाने तोही व्हिडिओ पाहिला असेलच. त्यातून त्याने भोकाऐवजी काळाचा अंदाज घ्यावा, असे त्याला माझ्या वतीने सांगा.

आता चौदाव्या वर्षाविषयी. वाढत्या वयात बोटाच्या प्रत्येक पेराच्या मुळाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते, जिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथेच हाडाची लांबी वाढते. मुलांमध्ये ती साधारण सोळा-सतराव्या वर्षी आणि मुलींमध्ये त्याआधी हाडात मिसळून जाते. तोवर ती पट्टी हा बोटातला सर्वांत कच्चा दुवा असतो, तिच्या शेजारच्या कंडरेहून आणि अस्थिबंधाहूनही कच्चा. बोटांच्या टोकांवर जोर मारताना मुलाचा हात जवळून पाहा. बहुतेक वेळा टोकाचे पेर उलटे मागे झुकलेले आणि मधला सांधा वर उचललेला दिसेल. या ठेवणीत मधल्या पेराच्या मुळाच्या वरच्या कडेवर दाब एकवटतो, आणि ती जागा ग्रोथ प्लेटचीच आहे. किशोरवयीन आरोहकांत याच जागी, बहुतेकदा मधल्या बोटातच, ताणाने हळूहळू पडणारी चीर आढळते. आपण वर्णन केलेले दुखणे त्याच जागेचे आहे. ते तेच आहे असे मी न तपासता म्हणणार नाही, पण ती शक्यता आधी दूर केली पाहिजे.

इथे पालकांची हमखास फसगत होते, कारण सुरुवातीला हे सर्व सोपे जाते. ४५ किलोचा मुलगा जोर मारतो तेव्हा वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे ३० किलो, हातांवर येतो. दहाही बोटे टेकली असतील तर प्रत्येकावर सरासरी ३ किलो. मग उत्साहाच्या भरात तो प्रत्येक हाताची दोनच बोटे टेकतो आणि एका झटक्यात प्रत्येक बोटावर साडेसात किलो येतात. त्याच्या स्नायूंना हे जमते, म्हणून त्याला वाटते की आपण तयार आहोत. ग्रोथ प्लेट मात्र तेव्हाच दुखून इशारा देईल असा नेम नसतो. गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय समितीनेही अठरा वर्षांखालच्या मुलांना बोटांवर झटक्याचा भार देणारे काही ठरावीक व्यायाम करू नयेत असा सल्ला दिलेला आहे. मी स्वतः तोच नियम बोटांवरच्या जोरांना लावतो. उंची वाढायची थांबेपर्यंत बोटांच्या टोकांवर शरीराचे वजन नाही. पूर्ण हाताने किंवा मुठीवर जोर मारायला माझी हरकत नाही.

आपल्या मुलाचा हुरूप मोडण्याची मात्र गरज नाही. ज्या डब्यात तो बोटे खुपसतो, त्याच मुगात हात मनगटापर्यंत घालून बोटे सावकाश फाकवणे आणि मिटणे हा आम्ही रुग्णांना नेहमी देतो तोच व्यायाम आहे, कारण त्यात बोटे उघडणारे स्नायूही काम करतात आणि झटका कुठेच नसतो. दुखणे पूर्ण थांबल्यावर त्याने तोच डबा अशा रीतीने वापरावा. जवळपास मल्लखांबाचा चांगला वर्ग असेल तर तिथे पाठवावे. पुरलेल्या आणि दोरीच्या मल्लखांबावर पकड, खांदा, पोट आणि तोल हे सर्व एकत्र घडते, आणि पुढे कधी त्याला हातांवर उलटे उभे राहायचे असेल तर तीच खरी पूर्वतयारी आहे. तळहातांवर भिंतीशी उलटे उभे राहून मिनिटभर शांत श्वास घेता येत नाही, तोवर बोटांचा विषयच निघू नये.

वाढ पूर्ण झाल्यावर कोणाला ही वाट धरायचीच असेल, तर मी भिंतीपासून सुरुवात करायला सांगतो: उभे राहून पाचही बोटांनी भिंत ढकलणे, मग टेबलाच्या कडेवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. प्रत्येक टप्प्यावर काही महिने. दोन सत्रांत किमान दोन दिवसांचे अंतर. बोटे कमी करायची ती सर्वांत शेवटी, एका वेळी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ आवळताना सांधा ताठ वाटला तर आधीचा भार जास्त झाला असे समजावे. इतके सांभाळूनही काहींच्या सांध्यांची ठेवण या कामासाठी अनुकूल नसते. ज्यांची बोटे मुळातच मागे जास्त वाकतात त्यांनी या वाटेला न जाणेच बरे.

चिनी युद्धकलेच्या वर्गांत सरावानंतर चोळायला गडद रंगाचे औषधी तेल किंवा अर्क देतात. त्यांतल्या काहींच्या कृतींमध्ये वचनाग असतो, जो विषारी आहे आणि फुटलेल्या त्वचेतून अंगात भिनू शकतो. घटक छापलेले नसलेली बाटली ऑनलाइन मागवून मुलाच्या बोटांना चोळू नये. दुखऱ्या सांध्याला मालीश करणे किंवा बोट ओढून 'कटकन' वाजवणे हेही टाळावे.

या आठवड्यात आपण अस्थिरोगतज्ज्ञांकडे, शक्यतो हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्यांकडे जावे. बोटाचा बाजूने काढलेला एक्स-रे आवश्यक आहे, आणि दोन्ही हातांच्या त्याच बोटाचे काढले तर तुलना करता येते. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून सराव लगेच सुरू करू नये, कारण अशी चीर सुरुवातीला दिसत नाही असे घडते. सांध्याच्या वरच्या बाजूला बोट दाबल्यावर दुखत राहिले तर पुन्हा तपासणी किंवा एमआरआय करावा लागतो. सूज असेल, बोट एका बाजूला कलल्यासारखे दिसत असेल किंवा टोकाचे पेर स्वतःहून वाकवता येत नसेल, तर आठवड्याचीही वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दाखवावे. डॉक्टरांना मुलाने काय आणि किती दिवस केले ते स्पष्ट सांगावे, मुगाच्या डब्यासकट. बरीच मुले लाजेने 'खेळताना लागले' एवढेच सांगतात आणि मग तपासणी चुकीच्या दिशेने जाते.

एक्स-रेत काय निघाले ते इथे लिहिल्यास पुढच्या विश्रांतीचा आणि परतीच्या सरावाचा क्रम मी सुचवू शकेन.